आतून लागलेली कडी

बाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला मागच्या अंगणातून आत घेतलं. पुढच्या दारात कोणीतरी उभं आहे, त्याला ओलांडून कशाला यायचं, असं त्या म्हणाल्या. मी मान वळवून पाहिलं. पुढच्या दारात कोणी नव्हतं. माडांच्या सावल्या होत्या आणि पायरीवर एक मांजर झोपलं होतं. मांजराबद्दलच म्हणत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. नंतर लक्षात आलं, बाईंचा चष्मा तेव्हा केसांत खोचलेला होता आणि चष्म्याशिवाय त्यांना मांजर काय, पायरीसुद्धा दिसत नसे.

मी तेव्हा मुंबईत जुन्या वस्तूंच्या जतनाचा अभ्यासक्रम करत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्यातरी संग्रहात राहून प्रत्यक्ष काम शिकायचं, असा नियम होता. वर्गातल्या बाकीच्यांनी मोठमोठी वस्तुसंग्रहालयं पकडली. मी उरणची. आमच्या सरांनी विचारलं, "किहीम तुला जवळ पडेल ना? तिथे एक बाई आहेत. लाकडाच्या कामात त्यांच्याइतका हात कोणाचा नाही. पण त्यांच्याकडे कोणी टिकत नाही." का टिकत नाही ते सरांनी सांगितलं नाही, आणि पहिलीच खेप म्हणून मीही विचारलं नाही.

बाईंनी उभी हयात मुंबईच्या एका संग्रहालयात लाकूड दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्या किहीमच्या वाडीत येऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. सुती साडीवर पुरुषी शर्ट घालत, खिशात सुई, दोरा, भिंग आणि बडीशेप. आपल्या घराच्या आतल्या खोल्यांची दारं त्यांनी काढून टाकली होती. तिथे जुन्या साड्यांचे पडदे असत. "एका माणसाला इतकी दारं कशाला," त्या म्हणत. यातली गंमत घराच्या मागे गेल्यावर कळायची. तिथे माडांच्या मधोमध चारी बाजूंनी उघडी अशी लांबलचक कौलारू शेड होती, आणि त्या शेडमध्ये दारं उभी होती. नुसती दारं. चौकटीसकट, उंबऱ्यासकट, मागून टेकू दिलेली, समुद्राकडे तोंड करून ओळीनं उभी. मागे घर नाही, भिंत नाही. कुणाच्या कपाळपट्टीवर गणपती कोरलेला, कुणाच्या फळीवर दिवाळीच्या हळदीकुंकवाची बोटं, कुणाला तोरणाचे गंजलेले खिळे. रस्ता रुंद झाला, बंदर आलं, जुनं पाडून स्लॅबचं घर झालं, की बाई सुट्टीच्या दिवशी टेम्पो घेऊन जात आणि दार मागून आणत. माणसांना त्याचं काही वाटत नसे. लोक म्हणत, न्या, नाहीतरी जाळायचंच आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे दारातून आरपार जायचं नाही, वळसा घालून जायचं. दुसरी, रोज सकाळी सगळी दारं उघडायची. "जुनं दार बिजागरीवर नसतं. झडपेच्या टोकाला लाकडाची खुंटी असते, ती उंबऱ्याच्या खळग्यात फिरते. फिरली नाही तर धरते. माणसाच्या गुडघ्यासारखं आहे ते," बाईंनी समजावलं. हे पटण्यासारखं होतं. वळसा का घालायचा ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कुणाच्या घरात तू न विचारता शिरतेस का?"

शेजारच्या वाणसामानाच्या दुकानातली बाई मला म्हणाली, "तुमच्या बाईंना लागलेलं आहे काहीतरी. आमी पोरांना तिकडं धाडत न्हाय." ती हे साखर तोलता तोलता, भाव सांगावा तसं म्हणाली.

आम्ही बौद्ध. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. भूत म्हणजे न तपासलेली गोष्ट, हे त्यांनी मला पाटीवर मुळाक्षरं शिकवावीत तसं शिकवलं होतं. त्यामुळे बाईंच्या वागण्याला मी एकेक कारण शोधून ठेवत गेले. त्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावत. पोखरलेलं लाकूड पोकळ वाजतं, म्हणून. सकाळी दार उघडण्याआधी त्या खाकरत. वय झालं होतं, म्हणून. दुपारी शेडमधल्या बाकावर बसून त्या पेपर मोठ्यानं वाचत. एकटं राहणारी माणसं मोठ्यानं वाचतातच. फक्त त्या वाचता वाचता मध्येच थांबत, कोणीतरी बोलून घ्यावं इतका वेळ, आणि मग पुढची बातमी घेत. त्याचं कारण मला सापडलं नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाही अशीच होती. एकदा मी ओळीतल्या शेवटच्या दाराच्या झडपेवरची घाण काढत होते. हात लागून लागून झालेला एक काळा चकचकीत पट्टा होता, जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी दार ढकललेलं असतं तिथे. मी कापूस बुडवला आणि बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गारगार होता, मे महिन्यात.

"धूळ काढ. कोळ्याचं जाळं काढ. वाळवीची माती काढ," त्या म्हणाल्या. "माणूस काढू नकोस."

तो पट्टा त्यांनी स्वतः कधी हात लावून पाहिल्याचं मला आठवत नाही. त्या पट्ट्यापासून बोटभर अंतरावर त्यांचा हात थांबे.

वडील फोनवर विचारत, "काय शिकलीस आज?" मी सांगे, खार कसा ओढून घ्यायचा ते शिकले, किडीची भोकं जुनी की नवी ते कसं ओळखायचं ते शिकले. ते हूं हूं करत. मग म्हणत, "माझा एक विद्यार्थी न्हावा शेव्याला मोठ्या हुद्द्यावर आहे. कंटेनरची कागदपत्रं बघायला पोरी लागतात त्यांना. विचारून ठेवू का?" त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या घरात कोणी जुन्या वस्तू सांभाळलेल्या नव्हत्या. सांभाळाव्यात अशा वस्तूच नव्हत्या. दुसऱ्यांची मोडकी दारं पुसण्यासाठी पोरगी शिकली, हे त्यांना कळत नव्हतं आणि त्यांना समजावून सांगणं मला जमत नव्हतं.

बाईंनी मला शिकायला म्हणून जे दार दिलं ते ओळीतलं शेवटचं. बंदर होताना हललेल्या एका गावातून त्यांनी ते आणलं होतं, मी जन्मायच्या खूप आधी. सागवानी, साधं, कोरीवकाम नाही. चौकटीच्या उजव्या खांबावर कोणीतरी सुरीनं एक मासा कोरला होता, हातभर उंचीवर, म्हणजे बसून कोरलेला. आतल्या बाजूला लोखंडी साखळीची कडी होती. ती वर चौकटीतल्या कोयंड्यात अडकवायची. या दाराची एक झडप आणल्यापासून अर्धवट उघडी अडकलेली होती. मिठागराच्या काठचं घर, लाकडात खार इतका शिरला होता की खालची खुंटी फुगून खळग्यात घट्ट बसली होती. बाईंनी तिला कधी जोर लावला नव्हता. "हे दार मला बंद करता आलं नाही," त्या म्हणाल्या. "बघ तुला जमतंय का."

मी कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून खुंटीभोवती लेपासारखा बसवत असे. सुकताना तो लाकडातला खार ओढून घेतो. लेप काढायचा, नवा लावायचा. दिवसच्या दिवस हेच काम. लेपावर पांढरी साय धरायची, ती जिभेला लावली तर समुद्राची चव. शेवटी एका दुपारी खुंटीला मेण चोळून मी झडप हलकेच ओढली आणि ती आली. काही आवाज न करता, लोण्यातून यावी तशी. दोन्ही झडपा एकमेकींना टेकल्या. बाई बाकावरून उठून आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "उघडंच ठेव."

मी उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार बंद होतं आणि आतून कडी लागलेली होती.

आतून म्हणजे काय, तर चौकटीच्या मागच्या बाजूनं. मी वळसा घालून गेले, कडी काढली, दार उघडलं, काम सुरू केलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या चहा गाळत होत्या. "आत माणसं निजली असतील," त्या म्हणाल्या, वर न बघता. त्यांच्या तोंडी असली वाक्यं येत असत, म्हणून मी सोडून दिलं. पण त्यानंतर रोजच तसं होऊ लागलं. झडपा वाऱ्यानं लागू शकतात, मी खुंटीला मेण लावलं होतं, जमिनीला उतारही होता. उतार मी बाटलीत पाणी भरून तपासला. पण साखळी वाऱ्यानं वर चढून कोयंड्यात अडकत नाही. मग एकच राहिलं. बाईच येऊन लावत असणार. म्हातारं माणूस, मला घाबरवून मजा बघत असेल, किंवा केलेलं विसरत असेल. त्या समोर असताना हे विचारायला मला संकोच वाटला.

दार दुरुस्त झालं त्या आनंदात मी त्याचा फोटो वडिलांना पाठवला होता. वडिलांनी तो कौतुकानं उरणच्या कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तिथून तो फिरत फिरत एका माणसापर्यंत गेला, ज्यानं तो कोरलेला मासा ओळखला. त्यानं वडिलांना फोन केला, वडिलांनी मला, आणि एका सकाळी पांढरी गाडी वाडीच्या फाटकाशी येऊन थांबली.

गाडीतून पन्नाशीचा एक माणूस उतरला. त्याचे दोन ट्रेलर बंदरात चालत होते. त्यानं हात धरून आईला उतरवलं. म्हातारी बुटकी, वाळलेल्या बोंबिलासारखी, पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या. बाईंनी त्यांना कुठलं दार ते सांगितलं नाही. नुसता शेडकडे हात केला. म्हातारी एकटीच पुढे गेली.

मुलगा माझ्याजवळ थांबला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, आईचा हट्ट आहे म्हणून आलो," तो म्हणाला. "बाबा मिठागरात कामाला होते आणि जोडीला खाडीत डोल, म्हणजे मोठं जाळं लावायचे. मी लहान होतो. एका दिवशी गेले ते आलेच नाहीत. होडी मिळाली, बाबा नाही. मग बंदराचं आलं, गाव हललं, आम्ही नव्या वसाहतीत गेलो. सगळे म्हणाले, दर्भाचा पुतळा करून कार्य उरकून घ्या. आई ऐकत नाही. आज इतकी वर्षं झाली. म्हणते, माणूस घरी आल्याशिवाय त्याला न्यायचा कसा?"

"आणि दार?" मी विचारलं.

"निघताना आईनं दार उघडं ठेवलं होतं. बाबा आले तर त्यांना आत जाता यावं म्हणून. नंतर कळलं की कोणीतरी दारच घेऊन गेलं."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. खिशातलं भिंग काढून त्या उगाच पुसत राहिल्या.

म्हातारी ओळीतल्या शेवटच्या दारासमोर उभी होती. त्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून मी सकाळी शेडमध्ये गेलेच नव्हते. दार बंद होतं. तिनं झडपेवरच्या काळ्या पट्ट्यावर तळवा ठेवला आणि ढकललं. दार हललं नाही.

"आतनं बंद हाय," ती म्हणाली.

"आई, असं बाजूनं फिरून जा ना," मुलगा म्हणाला. "शेड आहे ती. मागं मोकळंच आहे."

"आपल्या घरात मागनं शिरू?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग बाईंना विचारलं, "कडी कुनी लावली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे.

"सकाळी येऊन बघावं तर लागलेली असते," बाई म्हणाल्या.

"कवापासनं?"

"आधी हे दार लागतच नव्हतं," मी सांगितलं. "खारानं अडकलं होतं. मी ते मोकळं केलं. त्या दिवसापासून रोज."

"रोज आतनं?"

"आतून."

म्हातारी उंबऱ्यासमोर खाली बसली. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. दुपार व्हायला आली होती, समुद्राचा वारा अजून सुटला नव्हता. अशा वेळी वाडीत एक सुन्न शांतता पडते, कावळासुद्धा ओरडत नाही. मी शेडच्या कडेला उभी होते, अशा जागी की मला दाराची पुढची बाजू दिसत होती आणि मागचीही. पुढे म्हातारी बसलेली. मागे शेणानं सारवलेली जमीन, माझी मेणाची वाटी, आणि उलटी ठेवलेली बादली.

"अवो," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी रोजचा, बाजारातून परत आलेल्या बाईचा. "मी आले हाय. कडी काढा."

आम्ही थांबलो. मुलगा काहीतरी बोलायला गेला आणि बाईंनी हात वर केला.

साखळी खाली पडली. लोखंड लाकडावर आपटून एकदा वाजलं आणि ती झडपेवर डोलत राहिली. झडप बोटभर सरकली.

वारा आला असेल, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. पण तेव्हा मी वर पाहिलं होतं. माडाची एक झावळीसुद्धा हलत नव्हती.

म्हातारी आत गेली नाही. तिनं फटीतून आत बघितलंही नाही. हात लांब करून उंबऱ्यावर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लई दमलाव. बसा आता." मग मुलाला म्हणाली, "भटाला सांग. उद्या बापाला न्यायचं."

मुलगा तिथेच उकिडवा बसला आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. पन्नाशीचा, दोन ट्रेलरचा मालक, शाळेतल्या पोरासारखा हुंदके देत होता.

मग म्हातारीनं दार मागितलं. आपल्या माणसाला त्याच्याच दारातून बाहेर काढायचं आणि त्याच्याच दारावर जाळायचं, एवढंच ती म्हणाली.

मी बाईंना बाजूला घेतलं. मला शिकवलं होतं की संग्रहातली वस्तू अशी कोणी मागितली म्हणून देता येत नाही. द्यायचीच तर परत द्यावी, जाळायला देणं म्हणजे आपल्या कामाच्या मुळावर घाव. हे सगळं मी त्यांना कुजबुजत सांगितलं. अशा गावाचं दुसरं दार कुठे मिळणार नाही, हेही सांगितलं. मी जवळजवळ रडकुंडीला आले होते. ते दार माझ्या हातानं मोकळं झालेलं पहिलं दार होतं.

बाईंनी ऐकून घेतलं. "खरं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "परीक्षेत असंच लिही." मग त्या दारापाशी गेल्या आणि ज्या काळ्या पट्ट्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं त्यावर त्यांनी हात टेकला. "मी हे आणलं तेव्हा घर उघडं होतं. मला वाटलं, सोडून दिलेलं आहे. मी कोणालाही विचारलं नाही." हात न काढताच मला म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला फोन कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते दार चौकटीसकट उतरवलं. बाईंनी मला साखळी पुन्हा अडकवू दिली नाही. नव्या वसाहतीतल्या त्यांच्या घरासमोर चौकट उभी केली, वसाहतीतल्या पोरांनी दोन्ही बाजूंनी धरली. वडील उरणहून आले होते. मी त्यांना आदल्या संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं होतं. "तू तपासलंस?" त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तेव्हा ते म्हणाले होते, "मी मानत नाही. पण येऊन उभा राहीन." ते पांढरा शर्ट घालून एका कडेला, हात मागे बांधून उभे होते.

दर्भाचा पुतळा, त्यावर नवं धोतर. तो त्या दारातून बाहेर आणला तेव्हा म्हातारी आतल्या बाजूला उभी होती. पुतळा बाहेर गेल्यावर ती चौकटीला टेकली, आणि तिच्या जावांनी तिच्या बांगड्या उतरवल्या. फोडल्या नाहीत. तिनंच सांगितलं होतं, फोडू नका. ज्यानं भरल्या त्याला आवाज जाईल.

बायका स्मशानात जात नाहीत. बाई गेल्या, मी त्यांच्या मागे गेले, आणि कोणी अडवलं नाही. खाडीच्या काठी चिता रचली, झडपांवर पुतळा ठेवला. सागवान पटकन पेटत नाही. मग एकदम पेटलं. लाकडात राहिलेला खार तडतडत होता आणि ज्वाळा हळदीसारख्या पिवळ्या झाल्या होत्या. पलीकडे बंदराच्या क्रेन हलत होत्या. बाईंनी शेवटपर्यंत पापणी हलवली नाही.

परतताना करंज्याहून रेवसला जाणारी लाँच घेतली. दुपारचं ऊन पाण्यावरून डोळ्यात येत होतं. बाई फळीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, अचानक लहान दिसत होत्या. मला वाटलं, आता विचारावं.

"बाई, कडी तुम्हीच लावत होतात ना?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चष्मा डोळ्यांवर होता.

"मी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं तू लावतेस. जाताना सगळं बंद करून जायची तुला सवय आहे. मी काही बोलले नाही, पोर घाबरते म्हणून."

"पण तुम्ही म्हणालात, आत माणसं निजली असतील."

"चेष्टा केली होती गं."

रेवसचा धक्का अजून लांब होता. लाँचच्या इंजिनाचा आवाज होता म्हणून बरं. मी पाण्याकडे पाहायचं टाळत होते. बाई मात्र वाकून पाण्याकडेच बघत होत्या, जिथे लाँचच्या मागे पांढरी वाट पडते तिथे, आणि त्यांचे ओठ हलत होते.

त्यानंतर बाई बदलल्या, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं बदलल्या. त्यांनी नवं दार आणलं नाही. उलट त्या एसटीनं गावोगाव हिंडू लागल्या, फोनमध्ये दारांचे फोटो घेऊन. पेण, पनवेल, उरण, जिथून जे आणलं होतं तिथे. हे तुमचं का, हे मी कोणाला विचारून नेलं होतं, असं विचारत. बहुतेक लोक हसले. काहींनी चहा पाजला. एक-दोघांनी दारं परत नेली आणि नव्या घराच्या भिंतीला शोभेला लावली. बाईंना ते आवडलं नाही. मी सुट्टीला गेले की त्यांच्यासोबत हिंडत असे. उन्हात छत्री धरून त्या कुणाच्या अंगणात उभ्या राहायच्या आणि खाकरायच्या, त्यांच्या सकाळच्या सवयीनं, आणि मगच हाक मारायच्या.

गेल्या वर्षी अलिबागच्या दवाखान्यात त्या वारल्या. पुतण्यानं उरलेली दारं एका संस्थेला दिली. मी पॅकिंगला गेले होते. कामगार उन्हात घाईघाईनं दारं उचलत होते आणि त्यातला प्रत्येक जण, कोणी सांगितलेलं नसताना, चौकटीला वळसा घालून जात होता.

वडिलांनी न्हावा शेव्याच्या नोकरीचा विषय त्या दिवसानंतर काढला नाही. मी आता एका संग्रहात काम करते. लोक घरातल्या वस्तू द्यायला आणतात, त्यांची नोंद करणं माझ्याकडे आहे. वस्तू काय, कुठली, किती जुनी, कशाची, हे विचारायचं असतं. ते सगळं विचारून झालं की मी पेन खाली ठेवते आणि आणखी एक विचारते. तुमच्या घरातलं कोणी यायचं राहिलंय का?

माणसं हसतात. नाही म्हणतात. सही करून जातात. मागच्या महिन्यात एक बाई पितळी कड्यांची लाकडी पेटी घेऊन आली होती, सुंदर, किडीचा एक ठिपका नाही. माझा प्रश्न ऐकून तिनं पेटी टेबलावर ठेवली. खुर्चीवर बसली. पाणी मागितलं, पण प्यायली नाही. मग उठली, पेटी उचलून छातीशी धरली आणि घेऊन गेली. मी उठून तिच्यासाठी दार उघडलं.